मालकाच्या शिकण्याला किती खर्च येतो?

रत्नागिरीतल्या छोट्या व्यावसायिकांसाठी फी, वेळ आणि परताव्याचा हिशेब

मे महिन्याचा शेवट होता. रत्नागिरीजवळच्या एका गावात ओळखीच्या काकूंच्या पडवीत बसले होते. समोर रातांब्यांचा ढीग होता. काकू आणि त्यांची सून फळं फोडत होत्या, दोघींची बोटं लालजांभळी झाली होती. अमृत कोकमच्या धंद्यात किती सुटतं असं विचारल्यावर काकूंनी हात पुसले आणि वही पुढे केली. शंभर बाटल्यांचा हिशेब असा होता: रातांबे, साखर, जिरं, मीठ 5,200 रुपये, बाटल्या, बुचं, लेबलं 1,800, गॅस आणि वीज 600. एकूण 7,600. दुकानदार बाटलीला 100 रुपये देतो, म्हणजे 10,000 आले. शिल्लक 2,400.

मी विचारलं, "तुमचे दोघींचे तीन दिवस कुठे लिहिलेत?"

ते लिहिलेच नव्हते. 300 रुपये रोज धरला तरी दोघींचे तीन दिवसांचे 1,800 झाले. रिक्षाने माल पोचवायला 500. तीन बाटल्या फसफसून वाया गेल्या, त्यांचे 300. हे 2,600 वजा केल्यावर शंभर बाटल्यांमागे 200 रुपयांचा तोटा निघाला. काकू बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. शाळेत त्यांचं गणित चांगलं होतं. बेरीज-वजाबाकी बरोबरच होती, पण आपल्या श्रमाला किंमत लावायची असते हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

छोट्या धंद्यात मालकाच्या शिक्षणाने काय फरक पडतो, याचं उत्तर मला त्या वहीत मिळालं. हे शिकायला रत्नागिरीत किती पैसे आणि किती दिवस लागतात, ते आता पाहू.

थोडक्यात उत्तर

धंदा चालवायला लागणारं बहुतेक शिक्षण रत्नागिरी जिल्ह्यात मोफत किंवा पाच-सहा हजारांच्या आत मिळतं. खरा खर्च बुडालेल्या दिवसांचा असतो. ते दिवस हंगाम सांभाळून निवडले, तर तोही कमी होतो.

शिकलेल्या मालकाचा धंदा खरंच बरा चालतो का?

याचं भक्कम उत्तर आपल्याच किनारपट्टीवर मिळालं आहे. पालघर जिल्ह्यातल्या तारापूर आणि गुजरातेतल्या उंबरगाव परिसरातल्या 17 कापड कंपन्यांवर परदेशी विद्यापीठांतल्या आणि जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. काही कारखान्यांना व्यवस्थापनाचे सल्लागार मोफत दिले गेले. त्यांनी शिकवलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या: सुताचा साठा मोजून लिहा, यंत्रांच्या देखभालीचं वेळापत्रक लावा, कापडात कुठे आणि का दोष आला याची रोज नोंद ठेवा. पहिल्याच वर्षात या कारखान्यांची उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. आधी का केलं नाही, या प्रश्नाला बहुतेक मालकांचं उत्तर होतं की याचा इतका फायदा होईल असं वाटलंच नव्हतं.

पुढची गोष्टही महत्त्वाची आहे. आठ-नऊ वर्षांनी संशोधक परत गेले, तेव्हा शिकवलेल्या सवयींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. व्यवस्थापक बदलले होते, मालकांना लक्ष घालायला वेळ उरला नव्हता. म्हणून जे शिकायचं ते मालकाने स्वतः शिकावं आणि स्वतः चालू ठेवावं. नुसता शिकलेला माणूस नोकरीला ठेवून भागत नाही.

पदवी नसलेल्यांनी मन खट्टू करून घेण्याचं कारण नाही. फिनोलेक्सचे संस्थापक प्रल्हाद छाब्रिया यांना लहानपणीच वडील गेल्यामुळे शाळा अर्ध्यावर सोडावी लागली. ते 1945 मध्ये कराचीहून पुण्याला आले आणि 1958 मध्ये त्यांनी फिनोलेक्स सुरू केली. रत्नागिरीत पीव्हीसीचा कारखाना उभा राहिल्यावर याच शहरात 1996 मध्ये त्यांनी अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. शाळा सुटलेल्या माणसाला शिक्षणाचं मोल किती वाटत होतं, हे त्यावरून कळतं.

दाखल्याची किंमत: आठवी पास म्हणजे किती रुपये?

धंदा चालवायला दाखला लागत नाही, पण मोठ्या प्रकल्पासाठी सरकारी योजनेतलं कर्ज आणि अनुदान घ्यायला लागतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनाचा प्रकल्प 10 लाखांच्या वर, किंवा सेवेचा 5 लाखांच्या वर असेल, तर अर्जदार किमान आठवी पास असावा लागतो. राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातही मोठ्या प्रकल्पांना शिक्षणाची अट आहे.

याचा हिशेब असा. ग्रामीण भागातल्या एका बाईंना 12 लाखांचा काजू प्रक्रिया प्रकल्प उभारायचा आहे. महिलांना ग्रामीण भागात प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान आहे. आठवीचा दाखला असेल तर 12 लाखांवर 4,20,000 रुपये मिळतात. नसेल तर प्रकल्प 10 लाखांवर थांबतो आणि अनुदान 3,50,000 होतं. इथे आठवीच्या एका कागदाची किंमत 70,000 रुपये आहे. खुल्या गटातल्या पुरुषाला ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान आहे, त्याच्यासाठी हाच फरक 50,000 रुपये होतो.

दाखला मिळवायचे मार्ग:

- आठवी झाली आहे पण कागद हरवला, तर शाळेकडून शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत घ्या. हेलपाटे पडतील, खर्च किरकोळ.
- आठवी झालीच नसेल, तर महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालयातून पाचवी आणि आठवीची परीक्षा देता येते.
- दहावी-बारावी राहिली असेल, तर बोर्डाचा 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. नोंदणीला हजार रुपयांच्या आसपास लागतात, परीक्षा शुल्क वेगळं.
- पदवीच हवी असेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम धंदा सांभाळून करता येतात.

मोफत मिळणारं शिक्षण

*ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था (आरसेटी).* जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडून, आपल्याकडे बँक ऑफ इंडियाकडून, ही संस्था चालवली जाते. 1982 मध्ये कर्नाटकातल्या उजिरे इथे सुरू झालेल्या प्रयोगातून ही कल्पना देशभर गेली. प्रशिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत. आठवडाभरापासून सहा आठवड्यांपर्यंतचे वर्ग असतात. वर्ग संपल्यावर दोन वर्षं पाठपुरावा होतो, कर्जासाठी बँकेशी गाठ घालून दिली जाते. ग्रामीण भागातल्या नवख्या माणसाने पहिली चौकशी इथे करावी.

*महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र (एमसीईडी).* 1988 पासून राज्यभर काम करणारी ही सरकारी संस्था मोफत आणि सशुल्क असे दोन्ही वर्ग घेते. या महिन्यात मोफत वर्ग कोणता आहे, ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

*रोजगार निर्मिती योजनेतलं प्रशिक्षण.* कर्ज मंजूर झाल्यावर प्रकल्पाच्या आकारानुसार साधारण 5 ते 10 दिवसांचं उद्योजकता प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते ऑनलाइनही करता येतं. बरेच जण दुसऱ्याला बसवून नुसतं प्रमाणपत्र घेतात. तसं करू नका. हेच दिवस तुमच्या कर्जाचे हप्ते फेडायला उपयोगी पडणार आहेत.

*पीएम विश्वकर्मा.* 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या या योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी यांच्याबरोबर होड्या बांधणारे आणि मासेमारीची जाळी विणणारेही त्यात आहेत. मिरकरवाड्यापासून हर्णैपर्यंतच्या कारागिरांनी हे लक्षात ठेवावं. इथे शिकणाऱ्यालाच दिवसाला 500 रुपये विद्यावेतन मिळतं. अवजारांसाठी 15,000 रुपयांचं ई-व्हाउचर, नंतर 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख आणि पुढे 2 लाखांपर्यंत विनातारण कर्ज.

*पीएमएफएमई.* ही अन्नप्रक्रियेची योजना आहे. रत्नागिरीसाठी 'एक जिल्हा एक उत्पादन' म्हणून आंबा आहे. प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान आणि त्याबरोबर प्रशिक्षण. बचत गटातल्या महिलेला बीज भांडवल म्हणून 40,000 रुपयांपर्यंत मिळू शकतात. प्रकल्प अहवाल करायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करतात आणि त्यांचं मानधन सरकार देतं. त्यासाठी दलालाला पैसे मोजू नका.

*दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि कृषी विज्ञान केंद्र.* 1972 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं ज्ञान आंबा बागायतदाराला थेट पैसे मिळवून देतं. चौदा आणे तयार झालेला हापूस नूतन झेल्याने देठासकट उतरवला की साक्याचं प्रमाण घटतं, चिकाचे डाग पडत नाहीत आणि पेटीतला पहिल्या प्रतीचा माल वाढतो. हे शिकायला शिवारफेरीचा एक दिवस पुरतो.

पैसे मोजून घ्यायचं शिक्षण

*संगणकाची तोंडओळख.* एमएस-सीआयटीला साधारण 5,000 रुपये लागतात. ज्याला ऑनलाइन अर्ज, बँकेचं स्टेटमेंट आणि साधी एक्सेल शीट जमत नाही, त्याच्यासाठी हा खर्च वसूल आहे. ज्याला जमतं, त्याने प्रमाणपत्रासाठी पैसे घालवू नयेत.

*टॅली आणि जीएसटीचा वर्ग.* फी क्लासनुसार बदलते, दोन-तीन ठिकाणी विचारूनच भरा. मालकाला पूर्ण अभ्यासक्रमाची गरज सहसा नसते. खरेदी-विक्रीची नोंद, उधारीची यादी आणि विवरणपत्र वाचता येणं एवढं पुरे. तुमच्या करसल्लागारालाच सांगा: महिन्यातून एक तास द्या, माझेच आकडे मला समजावून सांगा, त्या तासाचे पैसे घ्या. माझ्या मते मालकासाठी यापेक्षा चांगला वर्ग नाही, कारण इथे पाठ्यपुस्तक म्हणजे तुमचं स्वतःचं दुकान असतं.

*मोठ्या हॉटेलांतली 'यशस्वी उद्योजक' शिबिरं.* इथे सांभाळून राहा. मी स्वतः अशा एका दोन दिवसांच्या शिबिराला पाच हजार भरले होते. टाळ्या भरपूर झाल्या, घोषणा झाल्या, आणि शेवटी तीस हजारांचा पुढचा कोर्स घ्या म्हणून आग्रह झाला. एका वस्तूचा खर्च कसा काढायचा, हे दोन दिवसांत एकदाही फळ्यावर आलं नाही.

याचा अर्थ वृत्ती घडवणारं शिक्षण वायफळ असतं असा नाही. आफ्रिकेतल्या टोगो देशात 1,500 छोट्या व्यावसायिकांवर झालेला एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे नेहमीच्या व्यवसाय प्रशिक्षणापेक्षा पुढाकार घ्यायला शिकवणाऱ्या प्रशिक्षणाचा फायदा जास्त झाला, त्या गटाचा नफा 30 टक्क्यांनी वाढला. तिथे शिकवत होते पुढचं ओळखून तयारी करणं, नवा माल करून बघणं, अडचण आली तर दुसरी वाट शोधणं. आणि शिकलेलं स्वतःच्या धंद्यात लगेच करून बघायला लावत होते. म्हणून फी भरण्याआधी बघा की वर्गात तुमच्या दुकानाचं काम होणार आहे की नुसतं भाषण.

खरा खर्च: बुडालेले दिवस

मोफत वर्गही फुकट पडत नाही. एसटीचं तिकीट, दुपारचं जेवण, बंद राहिलेलं दुकान हे सगळं त्यात आलं. अंदाजासाठी तीन हिशेब देते. माझ्या आकड्यांच्या जागी तुमचा रोज आणि तुमचं भाडं घाला.

1. *घरगुती उत्पादन करणारी गृहिणी.* 10 दिवसांचा मोफत वर्ग, घरून ये-जा. प्रवास दिवसाला 100 प्रमाणे 1,000. बुडालेला रोज 300 प्रमाणे 3,000. एकूण 4,000 रुपये. आरसेटीत निवासी राहिल्यास रोजचा प्रवास वाचतो.
2. *सुतार किंवा होडी बांधणारा कारागीर.* 5 दिवसांचं विश्वकर्मा प्रशिक्षण. बुडालेला रोज 800 प्रमाणे 4,000. विद्यावेतन 2,500. पदरचे 1,500 गेले, त्याबदल्यात 15,000 ची अवजारं आली.
3. *किराणा दुकान किंवा खानावळीचा मालक.* एमएस-सीआयटी 5,000, शिवाय करसल्लागाराचा महिन्याला एक तास. वर्ग संध्याकाळी असेल आणि घरचं माणूस गल्ल्यावर बसणार असेल, तर दिवस बुडत नाही.

कोकणात दिवस वाचवायची सोय निसर्गानेच केली आहे. मार्च ते मे आंब्याची धांदल असते, तेव्हा कुठल्याच वर्गाला बसू नका. जून-जुलैत मासेमारी बंद असते, आंबा संपलेला असतो, पर्यटक तुरळक असतात. शेती असेल तर लावणीचे दिवस सोडा. लावणीनंतर गणपतीपर्यंतचे आठवडे शिकायला उत्तम. त्यामुळे मेच्या मध्यालाच संस्थांकडे चौकशी करून नाव नोंदवा.

बायकांसाठी आणखी एक सूचना. एकट्या जाऊ नका, शेजारीण किंवा गटातली मैत्रीण बरोबर घ्या. अहमदाबादच्या सेवा बँकेच्या ग्राहक महिलांना दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन एक अभ्यास झाला. मैत्रिणीबरोबर आलेल्या महिलांनी पुढे धंद्यासाठी जास्त कर्ज घेतलं आणि त्यांच्या घरचं उत्पन्नही वाढलं. एकट्या आलेल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. आपल्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला आणि गावातला धंदा बाईच्या हाती, असं चित्र घरोघरी आहे. ही सूचना म्हणूनच जिल्ह्यातल्या पुष्कळ व्यवसायांना लागू पडावी.

न शिकण्याचा खर्च

हा खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नाही, म्हणून इथे मांडते.

- *जीएसटीचं विवरणपत्र.* हंगाम संपला, विक्री शून्य, म्हणून विवरणपत्र भरलं नाही, ही नेहमीची चूक. शून्य विक्रीलाही दिवसाला 20 रुपये विलंब शुल्क लागतं, एका विवरणपत्राला जास्तीत जास्त 500. वर्षभराची 12 मासिक विवरणपत्रं राहिली तर 6,000 रुपये नुसत्या विसरण्याचे. कर भरायचा असेल तर दिवसाला 50, आणि दीड कोटींपर्यंतच्या उलाढालीला एका विवरणपत्रामागे 2,000 पर्यंत.
- *नको असलेली नोंदणी.* फक्त माल विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, सेवेला ही मर्यादा 20 लाख आहे. कुणी सांगितलं म्हणून नोंदणी करू नका. प्रक्रिया केलेला माल परराज्यात पाठवणार असाल, तर मात्र आधी सल्ला घ्या.
- *उद्यम नोंदणी.* सरकारी संकेतस्थळावर ती पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं खासगी असतात.
- *नावाची नोंदणी.* स्वतःच्या ब्रँडचा ट्रेडमार्क ऑनलाइन घ्यायला एका वर्गासाठी 9,000 रुपये लागतात. व्यक्तीला किंवा उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाला 4,500. ठाऊक नसेल तर भागीदारीतली संस्था दुप्पट भरून बसते.
- *हापूसचं मानांकन.* कोकणातल्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केल्यावर पेटीवर ते नाव हक्काने लावता येतं. नोंदणीसाठी रत्नागिरीतल्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेकडे विचारा. सरकारी शुल्क अगदी नाममात्र आहे.

कुठून सुरुवात करावी?

सगळं एकदम शिकायला जाऊ नका. माझ्या मते क्रम असा असावा:

1. घरचे आणि धंद्याचे पैसे वेगळे करा. दोन डबे, दोन खाती. खर्च शून्य.
2. एका वस्तूचा पूर्ण खर्च काढायला शिका: कच्चा माल, वेष्टन, स्वतःचा रोज, वाहतूक, नासधूस.
3. उधारीची यादी तारखेसह ठेवा.
4. मग परवाने आणि कर समजून घ्या.
5. त्यानंतर कर्ज, यंत्र आणि नवी बाजारपेठ.

पहिल्या तीन पायऱ्यांना वही, पेन आणि महिनाभराची चिकाटी लागते. त्या जमल्याशिवाय पाचवीवर उडी मारली, तर कर्ज वाढतं आणि धंदा आहे तिथेच राहतो.

फी भरण्याआधी विचारायचे प्रश्न

- एकूण खर्च किती? परीक्षा, पुस्तकं, प्रमाणपत्र धरून?
- शिकवणाऱ्याने स्वतः धंदा केला आहे का?
- माझ्या धंद्याचे आकडे घेऊन बसता येईल का?
- वर्ग संपल्यावर अडलं तर कोण भेटेल?
- गेल्या वर्षीच्या दोघांचे फोन नंबर मिळतील का?
- हाच विषय आरसेटी किंवा एमसीईडीत मोफत आहे का?

योजनांच्या मर्यादा, मुदती आणि शुल्कं बदलत असतात. अर्ज करायच्या दिवशी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा बँकेत चालू वर्षाचं परिपत्रक बघूनच पुढे जा.

पिढ्यान् पिढ्या रत्नागिरीत मूल शिकलं की ते मुंबईच्या गाडीत बसायचं. मागे राहिलेल्याला शिकून काय करायचंय, असं घरचेच म्हणायचे. ज्यांनी बागा राखल्या, दुकानं उघडी ठेवली, होड्या बांधल्या, त्यांच्या शिकण्यावर कुणी पैसा खर्च केला नाही. तो खर्च आता करायला हवा, आणि तो परवडणारा आहे, एवढंच मला सांगायचं आहे.

काकूंनी त्या पावसाळ्यात सुनेला बरोबर घेऊन दहा दिवसांचा वर्ग केला. पुढच्या वर्षी बाटली दुकानदाराला 115 रुपयांनी दिली आणि थोड्या बाटल्या गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर पर्यटकांना स्वतः 140 ने विकल्या. नवी वही मी पाहिली. पहिल्या पानावर पहिलीच ओळ होती: आमचा दोघींचा रोज.